दीड एकर उतारावर घर : छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा आणि त्यामागे काय जोडावे?

वहाळाकाठी | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात सासरचे जुने घर आहे. आम्ही दोघे निवृत्त होऊन मार्चपासून तिथेच कायमचे राहायला आलो. घराभोवती साठ गुंठे जमीन, सगळी उताराची. वर डांबरी रस्ता, मध्ये घर, खाली वहाळ, म्हणजे ओढा. पस्तीस हापूसची कलमे, काजूची साठेक झाडे, घराच्या दक्षिणेला थोडे सपाट खळे. बाकी जागा पावसानंतर कमरेएवढ्या गवताने भरते.

या पावसाळ्यात तीन गोष्टी लक्षात आल्या. रस्त्यापासून घरापर्यंतची पाणंद वाहून गेली. मेमध्ये तिच्यावर चार ब्रास मुरूम टाकला होता, ऑगस्टपर्यंत त्यातला निम्मा वहाळात गेला. दुसरे, बेणणीला, म्हणजे गवत काढायला, माणसे मिळत नाहीत. मिळतात तेव्हा गवत बी धरून मोकळे झालेले असते. तिसरे, घराच्या मागच्या भिंतीशी पाणी साचते आणि चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, ओल धरते.

आम्हाला घराभोवती नीट बाग करायची आहे. दोन टप्पे पाडून एका टप्प्यावर भाजी, एकावर फुलझाडे आणि नातवंडांना खेळायला हिरवळ. पाणंद दरवर्षी दुरुस्त करावी लागणार. शेणखत, पालापाचोळा, चिरे, माती यांची वाहतूक रोजचीच आहे. म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचे मनात आहे. विक्रेत्याने १५ अश्वशक्तीपासून २८ पर्यंत पाच पत्रके हातात दिली आणि सोबत माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घ्याच म्हणाला.

मापे अशी : पाणंदीची लांबी १४० फूट, रुंदी दोन गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, ९ फूट, फाटक साडेसात फूट. ट्रॅक्टर मी स्वतः चालवणार आहे. यजमानांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. चारचाकी गेली पंचवीस वर्षे चालवते, ट्रॅक्टर कधी चालवलेला नाही. कोणता घ्यावा, आणि मागे काय काय जोडावे?

कातळवाट | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३५

ताई, राजापूरला माझी बाग आहे, जमीन तुमच्यासारखीच. आधी एक काम करा. पाणंदीचा उतार मोजा. पाण्याची पारदर्शक नळी, गवंडी वापरतात ती, दोघांनी धरली की अर्ध्या तासात होते. कलमांमधल्या जागेचा सर्वांत जास्त उतार कुठे आहे तोही मोजा. ते आकडे कळल्याशिवाय कोणी मॉडेल सांगत असेल तर ऐकू नका.

आणि कामांच्या दोन याद्या करा. एकदाच करायची कामे आणि दरवर्षी करायची कामे. टप्पे पाडणे, भिंतीमागची माती काढणे, कलमांचे खड्डे ही एकदाच करायची. त्यांच्यासाठी मशीन विकत घ्यायचे नसते, जेसीबी बोलवायचा. आमच्याकडे तासाला बाराशे ते पंधराशे घेतात. जे काम छोटा ट्रॅक्टर महिनाभर खरवडत बसेल ते तो दोन दिवसांत करतो. दरवर्षीच्या यादीत जे उरेल त्याच्यासाठीच ट्रॅक्टर निवडा.

रोटाव्हेटरबद्दल माझे मत तीव्र आहे. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात, कलमाच्या घेराखाली रोटाव्हेटर फिरवला की तीच तुटतात. शिवाय उतारावरची माती भुसभुशीत करून ठेवली की पहिल्या मोठ्या पावसात ती वहाळात जाते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उघडी माती ठेवणे परवडत नाही.

नांगरट | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी फलटणचा. आमच्याकडे ४५-५० अश्वशक्तीच्या खाली कोणी बघत नाही, पण तो तुमच्या फाटकातून आत येईल आणि कलमांत वळणार नाही, म्हणून तो विषय सोडतो.

माझा प्रश्न घ्यायचाच का हा आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि दोन अवजारे मिळून सहा लाख धरा. नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याजच ५४ हजार. कातळवाट यांनी सांगितलेल्या दराने त्यात जेसीबीचे चाळीस तास येतात. घसारा, विमा, तेलपाणी वेगळेच. साठ गुंठ्यांत तुमचा ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालेल? शंभर तासांच्या आत असेल तर भाड्याने काम करून घेणे स्वस्त पडते. मी हे मनापासून सांगतो, कारण हौसेने घेतलेले आणि शेडमध्ये टायर बसलेले ट्रॅक्टर खूप पाहिलेत.

वहाळाकाठी | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

नांगरट दादा, हिशोब पटतो, आणि तो मी वहीत लिहून ठेवला. पण आमच्या गावात भाड्याचा ट्रॅक्टर म्हणजे चिखलणीला येणारे दोन. ते जून-जुलैत भाताच्या शेतात असतात आणि एप्रिलमध्ये चिऱ्याच्या खाणीवर. मला हवे असते तेव्हा ते नसतात. जेसीबी तालुक्याहून येतो, आणि निदान पाच-सहा तासांचे काम असेल तरच येतो. घमेले डोक्यावर घेऊन पन्नास फेऱ्या करायचे माझे वय नाही. म्हणून पैशांच्या हिशोबात थोडे नुकसान झाले तरी चालेल, पण मशीन खरोखर वापरात राहिले पाहिजे.

मापे घेतली. पाणंद १४० फुटांत २१ फूट उतरते. कलमांत बहुतेक ठिकाणी दहा फुटांना दीड ते दोन फूट. घराच्या खालच्या अंगाला मात्र एक पट्टा आहे, तिथे दहा फुटांना चार फूट.

कातळवाट | ७ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४०

म्हणजे पाणंदीला शंभराला पंधरा. फोर व्हील ड्राइव्हशिवाय घेऊ नका, हे आता निश्चित. आणि तो दहाला चारचा पट्टा ट्रॅक्टरसाठी बंद. तिथे खांद्यावरचा ग्रासकटर किंवा कोयती. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला चुन्याने रेघ मारून घ्या. मी माझ्या बागेत दगड रोवलेत.

फोर व्हील चढायला लागते असे लोक समजतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग उतरताना आहे. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागे भरलेली ट्रॉली ढकलत असली की मागची चाके घसरतात आणि ब्रेक दाबून काही होत नाही. फोर व्हील टाकलेले असेल तर इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध पुढच्या चाकांनाही पोचतो.

माझ्या चुलत्यांचा अपघात असाच झाला, म्हणून लिहितो. चिरे भरलेली ट्रॉली, टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, पाणंदीत उतरताना वेग वाढला म्हणून त्यांनी क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो. ट्रॉलीने ट्रॅक्टर आडवा केला आणि गडग्यावर नेऊन आपटला. ते वाचले, पाय गेला. ताई, उतरताना ज्या गिअरमध्ये वर चढता त्याच गिअरमध्ये उतरायचे, वरूनच गिअर टाकून निघायचे आणि मध्ये क्लचला पाय लावायचा नाही. हे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते.

वाळा | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी मृद व जलसंधारणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. ट्रॅक्टरचे मला फारसे कळत नाही, पाण्याचे कळते. या धाग्यात अजून कोणी पाण्याला हात घातला नाही म्हणून लिहितो.

चार ब्रासमधला दोन ब्रास मुरूम एका पावसाळ्यात गेला. दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट, वजनाने दहा टनांच्या आसपास. ट्रॅक्टर आणून तुम्ही दर मे महिन्यात तो परत वर आणाल आणि दर ऑगस्टला तो परत जाईल. मशीनला काम मिळेल, पण पाणंद होणार नाही. आधी पाण्याची वाट ठरवा.

पाणंदीवर पाणी कुठून येते ते पावसात छत्री घेऊन पाहिले असेलच. बहुधा डांबरी रस्त्याचे सगळे पाणी फाटकातून आत शिरते. तिथेच, फाटकाच्या आत, पाणंदीला आडवे चर आणि त्यावर लोखंडी जाळी. ते पाणी गडग्याला भोक ठेवून बाहेर काढा. पुढे दर वीस-पंचवीस फुटांवर पाणंदीत तिरका, बुटका उंचवटा, ट्रॅक्टर सहज ओलांडेल एवढा. पाणी एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतच धावते, वेग धरत नाही, आणि बाजूच्या गटारात उतरते. गटाराच्या तळाला दगड लावा. नुसते मातीचे गटार दोन वर्षांत ओढा होते.

भिंतीशी साचणाऱ्या पाण्याचे तसेच. घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून दहा-बारा फूट लांब, समपातळीला अगदी किंचित ढाळ देऊन चर काढा आणि दोन्ही टोकांनी पाणी घराच्या बाजूने खाली न्या. टप्पे पाडाल त्यांचा ढाळ आतल्या बाजूला ठेवा, बाहेर नको. बाहेर ठेवला की ताल, म्हणजे टप्प्याची कड, पहिल्याच वर्षी फुगते आणि सुटते.

हे सगळे जेसीबीचे दीड-दोन दिवसांचे काम आहे. तो आला असेल तेव्हाच करून घ्या, आणि मापे चुन्याने मारून तयार ठेवा. जेसीबी उभा करून विचार करायचा नाही. आणि जानेवारीत करा. जांभा ओलसर असताना मऊ लागतो, उन्हात उघडा पडला की कडक होतो. म्हणून तर चिरा कापून वाळवतात.

वहाळाकाठी | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

वाळा काका, तुम्ही म्हणता तसेच आहे. रस्त्याचे पाणी फाटकातूनच येते. आम्ही पाच महिने ते पाहत होतो आणि मुरमालाच दोष देत होतो. तुमचा प्रतिसाद छापून भिंतीला लावला आहे.

पाटाचे_पाणी | ८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

कुडाळहून. एवढ्या जागेला पॉवर टिलर का नको? १२-१३ अश्वशक्तीचा टिलर, त्याला छोटी ट्रॉली. किंमत ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी, अरुंद जागेत वळतो. आमच्या वाडीत नारळी-पोफळीच्या बागा त्याच्यावरच चालतात.

कातळवाट | ८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सपाट आगरात टिलर उत्तमच. उताराला एक धोका आहे तो सांगायला हवा. टिलर वळवायला दोन मुठींखाली दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की डावीकडे वळतो. तीव्र उतारावर खाली जाताना ट्रॉलीचा भार ढकलत असेल तर डावा दाबल्यावर उजवीकडे वळतो, कारण सोडलेले चाक मोकळे होऊन पुढे पळते. नवख्या माणसाचा हात तिथेच चुकतो. शिवाय मुठींचा हादरा दिवसभर खांद्यांवर येतो. ताईंच्या घरी एक खांदा आधीच दुखावलेला आहे.

पाटाचे_पाणी | ८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हे खरे आहे. आमच्याकडे सगळे सपाट म्हणून माझ्या ध्यानात आले नाही. टिलरची सूचना मागे घेतो.

मॅपलची_सावली | ९ नोव्हेंबर, सकाळी ५:४५

मी ओहायोत असते, मूळची देवरुखची. आमचे इथे तीन एकर आवार आहे आणि आठ वर्षे छोटा ट्रॅक्टर वापरतेय. इथे घराच्या आवारासाठीच पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचे ट्रॅक्टर मिळतात. पुढे उचलायची बकेट, पोटाखाली गवत कापायचे यंत्र, मागे हवे ते. पुढे-मागे जायला गिअर बदलावा लागत नाही, पायाखालच्या दोन पट्ट्या दाबायच्या. ते ट्रॅक्टर भारतात मिळत नाहीत, म्हणून त्यांची नावे लिहीत नाही. पण काही शिकले ते तिकडेही लागू पडेल.

पहिले, पुढची बकेट. माझ्या कामातले निम्म्याहून जास्त काम बकेटच करते. खत उचलणे, माती टाकणे, दगड हलवणे. तिथे छोट्या ट्रॅक्टरला कारखान्याची बकेट मिळत नसेल आणि कोणी फॅब्रिकेशनवाला करून देतो म्हणाला तर मात्र विचार करा. बकेट भरली की सगळा भार पुढच्या आसावर येतो, मागची चाके हलकी होतात. मागे वजन लटकवल्याशिवाय मी बकेट कधीच वापरत नाही, आणि भरलेली बकेट घेऊन उतारावर आडवी कधीच जात नाही. भरली की जमिनीपासून वीतभरच वर.

दुसरे, टायर. शेतीच्या टायरचे उंच कंगोरे ओल्या हिरवळीला फाडून काढतात. इथे हिरवळीसाठी सपाट नक्षीचे टायर मिळतात, पण ते चिखलात आणि उतारावर पकड धरत नाहीत. ताईंच्या जागेला शेतीचेच टायर योग्य. हिरवळीवर ट्रॅक्टर न्यायचाच नाही, तिथे ढकलायचे छोटे यंत्र पुरेल.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. चालकाच्या डोक्यामागची लोखंडी कमान आणि सीटचा पट्टा. दोन्ही एकत्रच उपयोगी. कमान आहे आणि पट्टा नाही, तर उलटताना माणूस बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडतो.

स्पॅनर | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

चिपळूणला वीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो. वर सगळे बरोबर लिहिले आहे, त्यामुळे थेट मशीनवर येतो.

पंधराचा एक सिलिंडरचा ट्रॅक्टर तुमच्या उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन चढेल, पण दमून चढेल, आणि त्यात फोर व्हील मिळणे कठीण. अठ्ठावीसचा मिळेल, पण लांबी आणि वजन वाढते, कलमांत वळवताना फांद्या मोडतील. तुमचा घास २० ते २५ चा, फोर व्हील. यात कुबोटा निओस्टार ए२११एन आहे, २१ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, अंगाने अरुंद. महिंद्रा जिवो २४५ आहे, २४ अश्वशक्ती, दोन सिलिंडर. ओजा २१२१ आहे, २१ चा, तीन सिलिंडर. त्याला पुढे बारा, मागे बारा गिअर आणि पुढे-मागे जायचा वेगळा दांडा. ब्लेडने, म्हणजे मागे लावायच्या लोखंडी पात्याने, माती ओढताना दर मिनिटाला पुढे-मागे करावे लागते, तिथे हा दांडा हात वाचवतो. जिवो आणि निओस्टार मागून साडेसातशे किलो उचलतात, ओजा साडेनऊशे. तुमच्या कामाला साडेसातशे पुरते.

या तिघांत वाईट कोणी नाही. म्हणून मी सांगेन, ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावात दुचाकीवर येऊ शकतो तो घ्या. विक्रेत्याला विचारू नका. तुमच्या भागात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला विचारा की जुलैमध्ये बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला.

पत्रकावर इंजिनाची अश्वशक्ती मोठ्या अक्षरात असते. मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, किती मिळते ते बारीक अक्षरात. २१ च्या निओस्टारला पीटीओवर साडेपंधराच्या आसपास, २४ च्या जिवोला २२. गवत कापणारे अवजार पीटीओवर चालते, म्हणून तो आकडा वाचा.

ताई स्वतः चालवणार आहेत म्हणून आणखी एक. शोरूममध्ये सीटवर बसून क्लच पूर्ण खाली दाबून पाहा, पाच मिनिटे दाबून धरा. ब्रेकचे दोन पायदान असतात, डावे आणि उजवे. शेतात वळायला वेगळे वापरतात. तुम्ही ते खिट्टी घालून कायम जोडूनच ठेवा. पाणंदीत एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गडग्यात जातो.

जुना घेणार असाल तर कोकणात एक गोष्ट आधी बघायची. चिखलणीला चाललेल्या फोर व्हीलच्या पुढच्या आसात पाणी शिरलेले असते. तेलाचा बोल्ट थोडा सैल करून बघा. तेल दुधाळ आले तर हात जोडून परत या. मागे वजन उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटांत खाली आले तर हायड्रॉलिक गेलेले आहे.

वहाळाकाठी | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

माझी यादी झाली. दरवर्षीची कामे : वर्षातून दोनदा गवत, पाणंदीची डागडुजी, खत-माती-चिऱ्यांची वाहतूक, पालापाचोळा गोळा करणे, भाजीच्या टप्प्याची मशागत. सगळे मिळून ऐंशी-नव्वद तास होतात. अवजारांत मला वाटते : ट्रॉली, मागचे ब्लेड, गवत कापायचे स्लॅशर. रोटाव्हेटर वगळते. खड्डे पाडायचा ऑगर विक्रेता फार आग्रहाने सांगतो आहे.

कातळवाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ऑगर नको. कलमासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस एक मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्याची आहे. ऑगरचा फूटभर रुंदीचा खड्डा म्हणजे जांभ्यात ठेवलेली कुंडी, मुळे तिथेच गोल फिरतात. आणि खाली कातळ लागला की ऑगर थांबतो. कुंपणाच्या खांबांना बरा, पण तुम्हाला गडगा आहे.

भाजीच्या टप्प्याला पाच फणांचा छोटा कुळव घ्या. माती हलते, पीठ होत नाही.

नांगरट | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

ऐंशी-नव्वद तास आणि माणूस मिळत नाही, तर घ्या. मी विरोध सोडला. ब्लेडबद्दल मात्र मला बोलू द्या, ते आमच्या रोजच्या हातातले काम आहे.

मागचे ब्लेड पाच फुटी नको, चार फुटी. ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेर थोडे निघाले की पुरे, तुमच्या ९ फुटांच्या पाणंदीत वळवायला जागा हवी. ब्लेड तिरके फिरवता येते असे घ्या, मध्ये खुंटी आणि भोके असतात. सरळ ब्लेडने माती पुढे जाते, तिरक्याने बाजूला पडते. वाळा काकांनी सांगितल्याप्रमाणे पाणंदीचे पाणी बाजूच्या गटारात उतरवायचे तर तिरकेच लागणार. आमच्याकडे जुनी माणसे बैलांच्या केणीने हेच करायची. केणीमागे माणूस उभा असायचा आणि दाब कमी-जास्त करायचा, तेच आता हायड्रॉलिकच्या दांड्याने करायचे. पहिल्या दिवशी जमणार नाही. लाटा उठतील. एका वेळी बोटभरच माती काढा.

ब्लेड उचलले की पुढचा भाग हलका होतो, चढावर जास्तच. पुढे लावायची वजने ट्रॅक्टरसोबतच मागून घ्या, नंतर कोणी आणत नाही.

आणि काही ओढायचे असेल, झाडाचा बुंधा वगैरे, तर साखळी खालच्या हुकालाच. वरच्या दांड्याला साखळी बांधून ओढले की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि उलटा पडतो. उडी मारायला एक सेकंदही मिळत नाही. आमच्या शेजारच्या गावात एक तरुण मुलगा असा गेला.

स्पॅनर | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

ट्रॉलीचे मी सांगतो. एक टनाची, मागे उलटणारी. एक ब्रास मुरमाला अशा पाच फेऱ्या लागतात. दीड टनाची घेतली तर तुम्ही ती भरणारच, आणि भरली की उतारावर ती ट्रॅक्टरहून फारच जड होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून घ्या. हा खर्च टाळू नका. ट्रॉलीची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते, बनवणाऱ्याकडून कागद घ्या.

स्लॅशरचे पाते दगड उडवते. खाली साखळ्यांचा पडदा आहे ना बघा, नसेल तर लावून घ्या. चालू असताना शंभर फुटांत कोणी उभे राहायचे नाही. नातवंडे आली की तो दिवस स्लॅशर बंद. पीटीओच्या दांड्यावरचे प्लास्टिकचे झाकण कोणीही सांगितले तरी काढू द्यायचे नाही, आणि साडीचा पदर किंवा ओढणी घेऊन ट्रॅक्टरच्या मागे जायचे नाही. हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

आठवड्याचा_बाजार | १० नोव्हेंबर, सायंकाळी ५:००

पैशांचे कोणी लिहिले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, जुने दरपत्रक असेल तर नवे मागा. अनुदान हवे असेल तर सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला मिळत नाही. शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांची संमतीपत्रे आत्ताच जमवायला घ्या.

वहाळाकाठी | १० नोव्हेंबर, रात्री ९:००

सातबारा चार भावांचा सामाईक आहे. दोन दीर मुंबईत, एक बडोद्याला. संमतीपत्रे जमवायला महिना जाईल, पण त्या निमित्ताने सगळ्यांना पाणंदीचा आराखडाही दाखवता येईल. तोवर चुन्याच्या रेघा मारून घेते. नोंदी इथे लिहीत राहीन.

वहाळाकाठी | २२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

नोंद लिहायला उशीर झाला, पण काम झाले आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला, तेरा तास चालला. फाटकाचा आडवा चर, घरामागचा चर, दोन टप्पे आणि सहा कलमांचे खड्डे. रेघा आधी मारलेल्या असल्याने चालकाला एकदाही थांबावे लागले नाही. वरची चांगली माती वेगळी काढून ठेवायला सांगितले होते. ती दोन्ही टप्प्यांवर परत पसरली.

अनुदानाचा अर्ज केला होता, पण संमती पावसाळ्याआधी येईल असे दिसेना. थांबलो असतो तर हे वर्ष वाया गेले असते. दोघांनी बसून ठरवले आणि स्वतःच्या पैशांनी घेतला. जिवो २४५, फोर व्हील. कारण स्पॅनर दादांनी सांगितले तेच. आमच्या आजूबाजूच्या तीन गावांत ज्यांच्याकडे छोटे ट्रॅक्टर आहेत त्यांच्याकडे जाऊन विचारले आणि ज्याचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो असे तिघांनीही सांगितले तो घेतला. दुसऱ्या तालुक्यात उत्तर वेगळे येऊ शकेल. कमान आणि पट्टा वेगळा बसवून घेतला. चार फुटी तिरके ब्लेड, एक टनाची ब्रेकची ट्रॉली, पुढची वजने. स्लॅशर सप्टेंबरमध्ये घेणार. कुळव शेजाऱ्यांचा मिळतो.

घड्याळात ३१ तास झाले आहेत. पहिले पाच तास मी रिकाम्या खळ्यात नुसती पुढे-मागे केली. नंतर रिकामी ट्रॉली घेऊन पाणंद, मग अर्धी भरून. उतरताना क्लचकडे पाय जातोच, मोटारीची पंचवीस वर्षांची सवय. म्हणून डावा पाय पायदानापासून बाजूला टेकवून ठेवायचा हे ठरवून केले. आता आपोआप तसा राहतो. ब्लेडने पाणंदीवर लाटा उठल्या, नांगरट दादांनी म्हटल्याप्रमाणेच. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

काल चराची चाचणी घेतली. रस्त्याकडेच्या शेजाऱ्यांच्या विहिरीचा तीन अश्वशक्तीचा पंप लावून फाटकाशी पाऊण तास पाणी सोडले. सगळे पाणी जाळीतून खाली जाऊन गडग्याच्या भोकातून बाहेर पडले, पाणंद कोरडी राहिली. पावसाचे पाणी याच्या किती तरी पट असेल हे ठाऊक आहे. पण घरामागच्या चराच्या पूर्वेकडच्या टोकाला, जिथे पाणी खाली वळते, तिथे माती धुपायला लागलेली दिसली. वाळा काका, तिथे काय करू?

वाळा | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो. तिथे आत्ता हातभर लांबीचे दगड उभे रोवून घ्या, सपाट पसरू नका, वाहून जातात. दगडांच्या खाली, जिथे पाणी पडते तिथे, छोटा खोलगट भाग करून तोही दगडांनी भरा. पाण्याने तिथे आपटून जोर टाकायचा आणि मग पुढे जायचे.

आणि दोन्ही टप्प्यांच्या कडेला, तसेच चराच्या खालच्या काठाला, वाळा गवताची एकेक ओळ लावा. फुटवे एकमेकांपासून चार ते सहा इंच, ओळ समपातळीत. पाऊस लागला की पहिल्या आठ दिवसांत लागवड करायची. मुळे सरळ खाली जातात, बाजूच्या कलमांना त्रास देत नाहीत.

वहाळाकाठी | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

दगड आजच ट्रॉलीने आणते, वहाळात भरपूर आहेत. वाळ्याचे फुटवे किती लागतील ते मोजले. दोन टप्प्यांची कडा आणि चर मिळून २१० फूट, म्हणजे पाच इंचांनी पाचशेच्या वर. जवळपास कोणाकडे असतील तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन काढून नेईन.

पाटाचे_पाणी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

आमच्या पाटाच्या काठाला जुना वाळा आहे, हवा तेवढा न्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात या आणि पोती ओली करून आणा, वाटेत सुकायला नको.

वहाळाकाठी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

येते. पोती सहा आणते.